ओळंबा, गुण्या आणि फोर्टातलं ते 'भुताचं घर'

पाचपाखाडीकर (धागाकर्ता)

मंडळी, मागच्या महिन्यात बाथरूमचं काम काढलं. इमारत जुनी, बिल्डर कोण होता ते विचारू नका. गवंडीकाकांनी टाइल्स फोडल्या, खिशातून ओळंबा काढला, कोपऱ्यात सोडला आणि तो डोलायचा थांबेपर्यंत अवाक्षर काढलं नाही. मग म्हणाले, "साहेब, भिंत ओळंब्यात नाही. वर पाऊण इंच बाहेर आहे. प्लॅस्टर चढवून सरळ दाखवता येईल, पण भिंत वाकडी ती वाकडीच."

मी नुसता बघत राहिलो. कारण आदल्याच शनिवारी फोर्टात काळा कोट घालून, हात मागे बांधून, मी ओळंब्यावर पाठ केलेला उतारा घडाघडा म्हणून दाखवला होता. मी चार वर्षांपासून फ्रीमेसन आहे, म्हणजे गवंड्याच्या हत्यारांतून नीतीचे धडे देणाऱ्या एका जुन्या बंधुसंघटनेचा सभासद. ओळंबा म्हणजे सचोटी, पाणसळ (आडवी पातळी बघायचं हत्यार) म्हणजे समानता, गुण्या (काटकोन तपासायचा) म्हणजे वागण्यातला काटकोन, हे तोंडपाठ. ओळंबा हातात मात्र त्या दिवशी पहिल्यांदा धरला. चांगलाच जड असतो की हो!

घरी हा विषय निघाला की दोनच प्रतिक्रिया येतात. भाचा विचारतो, "मामा, इल्युमिनाटी का?" आणि सासूबाई विचारतात, "म्हणजे रोटरीसारखंच ना?" दोन्ही नाही. आजोबांच्या पिढीत तर लोक मेसन मंडळींच्या वास्तूला सरळ भुताचं घर म्हणत. पंजाबात जादूघर म्हणत. इराणात नाव पडलं फरामोशखाना, म्हणजे विसरण्याचं घर. आत गेलेला माणूस बाहेर येऊन काही सांगत नाही म्हणून.

तर मी थोडं सांगतो. खुणा, हस्तांदोलनं आणि शब्द सोडून काहीही विचारा. बाकीचं बहुतेक शे-दोनशे वर्षांपूर्वीच छापून झालंय, त्यामुळे गुपित फोडल्याचं पापही माझ्या माथी नाही.

महिन्यातून एकदा ठाण्याहून फास्ट पकडतो, सीएसएमटीला उतरून स्टर्लिंग थिएटरजवळच्या फ्रीमेसन्स हॉलला चालत जातो. हातात चपटी काळी बॅग, तिच्यात एप्रन. लोकलमध्ये एकदा शेजारच्याने विचारलं, "कॅरम का?"

दाराबाहेर टायलर उभा असतो, उपसलेली तलवार हातात घेऊन. आत मधोमध काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी. पूर्वेला मास्टरची, म्हणजे अध्यक्षाची खुर्ची, कारण सूर्य तिथून उगवतो. पश्चिमेला सीनियर वॉर्डन, तो मावळतीचा माणूस, लॉज (म्हणजे आमची शाखा आणि तिची सभा) बंद करणं त्याच्याकडे. दक्षिणेला ज्युनियर वॉर्डन, माध्यान्हीचा सूर्य त्याच्या ताब्यात, जेवणाची सुट्टी तो देतो. उत्तरेला कुणी नाही, तिकडे अंधार. तिघांच्या गळ्यात निळ्या पट्ट्यांना चांदीची हत्यारं लटकतात: मास्टरच्या गुण्या, सीनियरच्या पाणसळ, ज्युनियरच्या ओळंबा. म्हणजे ज्याच्याकडे जेवणखाण, त्याच्याकडे सरळ उभं राहणं. हे मला फार आवडतं.

मध्ये धर्मग्रंथ. भारतातल्या लॉजमध्ये एक नाही, अनेक: गीता, कुराण, बायबल, ग्रंथसाहेब, अवेस्ता. ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची. मी गीतेवर घेतली, माझ्याबरोबरच्या पारशी मित्राने अवेस्तावर. ईश्वराला तिथे 'विश्वाचा महान वास्तुविशारद' म्हणतात आणि त्यापुढे कुणी काही विचारत नाही. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण या दोन विषयांवर वाद घालायला बंदी. (या संकेतस्थळावर लागू केलं तर निम्मे धागे बंद पडतील.)

बाकी अर्धा वेळ सोसायटीच्या वार्षिक सभेसारखा जातो: मागच्या सभेचं इतिवृत्त, हिशोब, थकलेली वर्गणी.

चहा घेऊन येतो. विचारा.

खारेगावचा_खडा

रुमाल टाकून ठेवतो. लोकलमध्ये वाचतो.

नौपाड्याची_माई

छान लिहिलंय. पण मुळात पांढरपेशी माणसं गवंड्याची हत्यारं गळ्यात घालून का बसतात, ते कळलं नाही. आणि एप्रन कशाला?

पाचपाखाडीकर

माई, युरोपात चर्च आणि किल्ले बांधणाऱ्या पाथरवटांच्या संघटना होत्या. कामाच्या जागी त्यांची जी झोपडी असे तिला लॉज म्हणत. पुढे त्यांच्यात कामाशी संबंध नसलेले लोक मानाने येऊ लागले आणि हळूहळू तेच उरले. २४ जून १७१७ ला लंडनमध्ये चार लॉज एकत्र येऊन पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांवरची मुख्य संस्था झाली, असं परंपरा सांगते. तीही एका दारूच्या गुत्त्यात. १७२३ साली नियमांचं पुस्तक छापलं. १७३० मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये लॉज आली. आपल्या देशाची स्वतंत्र ग्रँड लॉज मात्र २४ नोव्हेंबर १९६१ ची.

एप्रन कारागिराचाच. नव्या माणसाला कोकराच्या कातड्याचा, साधा पांढरा. दीक्षेच्या पुढच्या पायऱ्यांवर निळं येतं, मग झालरी येतात. मला विचाराल तर सगळ्यात देखणा तो पहिलाच.

मिसळभक्त_ठाणे

म्हणजे काम गेलं आणि हत्यारं राहिली. घरात पाटा-वरवंटा नाही, पण लग्नात पूजेला लागतो, तसं.

नौपाड्याची_माई

@मिसळभक्त, अगदी! लहानपणी आमच्या आळीत वडारणी यायच्या, "पाट्याला टाकी लावाय्य" अशी आरोळी देत. आई पाटा अंगणात आणून द्यायची. त्या बाईच्या टाकीचा आवाज एका लयीत चालायचा, चेहऱ्यावर दगडाचे कपचे उडायचे, ती डोळे बारीक करायची पण थांबायची नाही. पाट्यावर बारीक ठिपक्यांची नक्षी उमटायची. त्यानंतर पहिल्या दिवशीचं वाटण फेकून द्यायचं, कचकच येते म्हणून.

पाचपाखाडीकर

माई, तुम्ही माझं काम केलंत. लॉजमध्ये दोन दगड ठेवलेले असतात. एक खाणीतून आलेला, ओबडधोबड. दुसरा घडवलेला, सहा बाजूंनी सरळ. पहिला म्हणजे नवखा माणूस, दुसरा म्हणजे त्याने जे व्हायचं ते. नवख्याला तीन हत्यारं देतात: दोन फुटांची पट्टी, हातोडा आणि छिन्नी. पट्टीचे चोवीस इंच म्हणजे दिवसाचे चोवीस तास. त्यांतले काही प्रार्थनेला, काही कामाला आणि विश्रांतीला, काही अडचणीतल्या माणसाला. हातोडा म्हणजे सद्सद्विवेक, छिन्नी म्हणजे शिक्षण.

हे सगळं इंग्रजीत पहिल्यांदा ऐकताना माझ्या डोक्यात एकच वाक्य वाजत होतं: टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. लंडनहून आणून ज्ञानदीप लावताहेत आणि आमच्या आजीने ते भाकरी थापता थापता सांगून ठेवलंय.

तुर्भे_नाका

नवी मुंबईतून वाचतोय. राहवत नाही म्हणून लिहितो. माझे वडील तुर्भ्याच्या खाणीवर होते. खाणीतला दगड काही ओबडधोबड नसतो. तो शहाण्याला ओबडधोबड दिसतो. दगडाला नस असते. जुना माणूस आधी दगडाभोवती फिरतो, पाणी मारून बघतो, सुतकीने हलकं वाजवून आवाज ऐकतो. मग नशीवर छिन्नी लावली की दोन ठोक्यांत फुटतो. नशीच्या आडवं गेलात तर दिवसभर मारत बसा. म्हणजे घडवायचं दगडाच्या मनाने. तुमच्या त्या उताऱ्यात दगडाला विचारतात का?

आणि दुसरं. तुमच्या लॉजमध्ये खरे गवंडी किती आहेत?

पाचपाखाडीकर

तुर्भे_नाका, दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. एकही नाही. डॉक्टर आहेत, सीए आहेत, दोन बोटीवरचे कॅप्टन, एक निवृत्त कर्नल. वर्गणी आहे, काळा कोट आहे, इंग्रजीतून पाठांतर आहे. चार वर्षांत हे माझ्या मनात आलं नाही आणि बाथरूमच्या भिंतीने आणून दिलं, ते कबूल करायलाच हा धागा काढला.

पहिल्याचं उत्तर: नाही विचारत. दगडाच्या नशीबद्दल एक शब्द नाही. बहुधा पाठांतर लिहिणाऱ्यांच्या आधीच खरे पाथरवट निघून गेले होते.

कोपिनेश्वर_कट्टा

सहमत आणि असहमत. साहेबांचे क्लब होते हे. 'समानता' म्हणत म्हणत नेटिवांना दाराबाहेर ठेवलं. मुंबईत १८४३ साली 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज निघाली, डॉ. जेम्स बर्न्स यांनी काढली, भारतीयांना प्रवेश मिळावा म्हणून. तोवर काय? मुंबईचे पारशी गृहस्थ माणेकजी कर्सेटजी तर आधी पॅरिसमध्ये जाऊन मेसन झाले होते! फोर्टातलं दार उघडायला पॅरिसहून किल्ली आणावी लागली. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्तांना १८७२ पर्यंत झगडावं लागलं, हिंदू एकेश्वरवादी असू शकतो का यावर खल चालू होता म्हणे.

पाचपाखाडीकर

सगळं खरं. भर घालतो: बर्न्स यांचा भाऊ अलेक्झांडर १८४१ मध्ये काबूलला जमावाच्या हातून मारला गेला, आणि दोन वर्षांत हा माणूस मुंबईत 'काळ्यां'ना बंधू म्हणायला लॉज काढतो. माणसाच्या मनाचा ओळंबा कुठे स्थिरावेल सांगता येत नाही.

पुढे मात्र दारं उघडली. नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे आपले विवेकानंद, १८८४ साली कलकत्त्याच्या 'अँकर अँड होप' लॉजमध्ये दाखल झाले. मोतीलाल नेहरूही मेसन. मुंबईत जन्मलेला किपलिंग लाहोरला मेसन झाला, वयाची २१ पूर्ण व्हायच्या आधीच, खास परवानगीने. साम्राज्याचा एवढा भाट, पण लॉजमधल्या हिंदू, मुसलमान, शीख, ज्यू बंधूंची आठवण त्याने जन्मभर काढली.

घोडबंदर_ग्रस्त

डोळ्याचं चिन्ह, डॉलरवरचा पिरॅमिड, जगावर राज्य करणारे बारा जण... यावर कधी बोलणार? की तोंड बंद ठेवायचे आदेश आहेत?

पाचपाखाडीकर

दादा, आम्हाला महिन्याच्या सभेला जेवायला किती जण येणार याचा आकडा वेळेवर गोळा करता येत नाही. जगावर राज्य कसलं करताय.

इल्युमिनाटी ही वेगळी मंडळी: बव्हेरियात १ मे १७७६ ला अॅडम वाइसहाउप्ट नावाच्या प्राध्यापकाने काढलेली. दहा वर्षांच्या आत तिथल्या सरकारने बंदी घातली, विषय संपला. त्यांनी मेसन लॉजमध्ये शिरकाव केला होता, म्हणून नावं चिकटली. डॉलरच्या नोटेवर तो पिरॅमिड १९३५ मध्ये आला. आणि डोळा म्हणाल, तर तो ख्रिस्ती चित्रांत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

वसईवाला_फर्नांडिस_आळी

ख्रिस्ती म्हणालात म्हणून. आम्हा कॅथलिकांना हे चालत नाही. पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३८ मध्येच बंदी घातली, १९८३ मध्ये व्हॅटिकनने पुन्हा स्पष्ट केलं, २०२३ च्या नोव्हेंबरात पुन्हा एकदा. सभासद झाला तर कम्युनियन घेता येत नाही. माझ्या ठाण्यातल्या मामांना ऑफिसच्या साहेबांनी बोलावलं होतं. मामा फादरना विचारायला गेले. फादर म्हणाले, तुला प्रार्थना करायला एक घर आहे ना, दुसरं कशाला? मामांनी नकार कळवला. नंतर बढती थांबली, असं मामी अजून म्हणतात. मामा म्हणतात, बढती माझ्या इंग्रजीमुळे थांबली.

पाचपाखाडीकर

मामांना नमस्कार सांगा. बंदी माहीत आहे. आमच्या बाजूने म्हणतात की हा धर्म नाही, कारण यात मोक्षाचं आश्वासन नाही, पूजा नाही. पण शपथ आहे, ग्रंथ आहे, मरण आहे, विधी आहे. फादरना शंका आली यात मला नवल वाटत नाही.

नौपाड्याची_माई

मरण? ते काय आता?

पाचपाखाडीकर

माई, त्याआधी पहिल्या दिवसाचं सांगू द्या, तो प्रसंग मला अजून स्वप्नात येतो.

प्रवेशाच्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीत अंगावरचं सगळं धातूचं काढून घेतात. घड्याळ, अंगठी, चाव्या, पाकीट, चिल्लर. शर्टाची एक बाजू उघडी, एक पँट गुडघ्यापर्यंत वर, एका पायात सपाता. डोळ्यांवर पट्टी. आणि मी पंचेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप. तीन ठोके पडले, दार उघडलं. पुढे बरंच काही झालं ते सोडतो.

पट्टी निघाली. मला ईशान्येच्या कोपऱ्यात उभं केलं, कारण इमारतीचा पहिला दगड तिथे बसवतात. मास्टर दानधर्माबद्दल बोलले आणि एकाने माझ्यासमोर हात करून विचारलं, गरिबांसाठी काही देणार का? मी सवयीने मागच्या खिशाकडे हात नेला. खिसा रिकामा! सगळ्या सुटाबुटातल्या माणसांसमोर माझा हात खिशावर थिजला. कानशिलं गरम झाली. मग समजावतात: पुढे कधी अडचणीतला माणूस भेटला तर हा क्षण आठव, तूही आत आलास तेव्हा तुझ्याकडे काही नव्हतं.

तलावपाळी

मुंजीच्या उलटं. मुंजीत बटू म्हणतो 'भवति भिक्षां देहि' आणि सगळे त्याच्या झोळीत टाकतात. इथे झोळी तुमच्यापुढे आली आणि तुमचे हात रिकामे.

पाचपाखाडीकर

वा! चार वर्षांत मला हे सुचलं नाही. ढापतोय.

माई, आता मरणाचं. तिसऱ्या पायरीला हिराम आबिफची कथा. सॉलोमनच्या देवळाचा मुख्य कारागीर. तीन हाताखालचे लोक देवळाच्या तीन दारांवर त्याला अडवतात, गुपित सांग म्हणतात. तो नाही सांगत. तिघे तीन घाव घालतात, तिसऱ्याला तो पडतो. थडग्याच्या खुणेला अकेशियाची फांदी, म्हणजे आपल्या बाभळीची बहीण. त्या रात्री नवा माणूस हिरामच्या जागी असतो. यापुढे नाही सांगत.

एवढंच सांगतो, इंग्लिश पद्धतीत पहिला घाव ओळंब्याच्या पट्टीचा, दुसरा पाणसळीचा, तिसरा मोगरीचा. आदल्या पायरीला जी हत्यारं सचोटी आणि समानता म्हणून हातात दिली, त्यांनीच मारतात. यावर लॉजमध्ये कुणी भाष्य करत नाही. मी एकदा जेवताना एका ज्येष्ठ बंधूंना विचारलं. त्यांनी ताटातली कोशिंबीर संपवली आणि म्हणाले, "तुमच्या ऑफिसात कधी कुणी सचोटीने कुणाला मारलेलं पाहिलं नाहीत का?"

खारेगावचा_खडा

रुमाल उचलला. कोशिंबिरीवाल्या काकांना साष्टांग.

चिंचपोकळी_ते_ऐरोली

बायकांना प्रवेश नाही, हे सगळ्या 'समानते'त कुठे बसतं? वर्षातून एकदा जेवायला बोलावून गुलाब देता ना?

पाचपाखाडीकर

ताई, गुलाब देतात, हो. बसत नाही कुठेच. स्त्री-पुरुष दोघांना घेणारी शाखा १८९३ मध्ये पॅरिसला निघाली, अॅनी बेझंट १९०२ मध्ये तिच्यात गेल्या आणि थिऑसॉफीच्या मंडळींबरोबर ती इकडेही आली. आमची परंपरा तिला मान्यता देत नाही. आमच्या घरी या विषयावर माझा पराभव होऊन गेला आहे.

साइटवरचा_माणूस

घणसोलीला साइट सुपरवायझर आहे. ओळंब्याबद्दल एवढं वाचलं, पण तो लावतात कसा ते कुणीच लिहिलं नाही. लटकन (दोरीच्या टोकाचं वजन) आणि वरची गुटकी (दोरीवरचा ठोकळा) यांची जाडी सारखीच असते. गुटकी भिंतीला टेकवून धरायची, लटकन खाली सोडायचं. लटकन भिंतीला जेमतेम शिवलं तर भिंत ओळंब्यात. फट दिसली तर भिंत वर बाहेर आलीय. लटकन भिंतीवर रेललं, तर खाली बाहेर आहे किंवा मध्ये पोट काढलंय. पंखा बंद ठेवायचा. वाऱ्यात ओळंबा खोटं बोलतो.

काटकोनासाठी मोठ्या आखणीत गुण्या पुरत नाही. एका बाजूला ३ फूट, दुसरीला ४, तिरकं माप ५ आलं पाहिजे. ५ नाही आलं तर खोली वाकडी. आणि पाणसळ आता कुणी वापरत नाही, पारदर्शक नळीत पाणी भरतो. नळीत बुडबुडा राहिला की सगळी लेव्हल गेली.

पाचपाखाडीकर

साइटवरचे भाऊ, तुम्ही ३-४-५ म्हणालात आणि मी खुर्चीतून उठलो. इंग्लिश पद्धतीच्या लॉजमध्ये मास्टरची मुदत संपली की त्याला जे पदक मिळतं, त्यात गुण्याखाली चांदीचा छोटा पत्रा लटकतो. त्यावर तीन चौकोन कोरलेले असतात, युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातलं ४७ वं प्रमेय. म्हणजे पायथागोरस. म्हणजे तुमचं ३-४-५! माणूस सगळ्या पायऱ्या चढतो, वर्षभर पूर्वेला बसतो, आणि शेवटी छातीवर काय घेऊन उतरतो, तर खोली आखायची रीत.

मागच्या शनिवारी जेवणानंतर मी हे सांगितलं, वर गुटकी आणि लटकनाचं पण. तीन माजी मास्टर बसले होते. एकाने पदक उताणं करून बघितलं. एकाने विचारलं, "पंखा बंद का करायचा?"

तुर्भे_नाका

त्या गवंडीकाकांना सांगितलंत का हे सगळं?

पाचपाखाडीकर

सांगितलं. शेवटच्या दिवशी चहा घेताना एप्रन काढून दाखवला. त्यांनी आधी हात पुसले, मग कातडं दोन बोटांत चोळून पाहिलं. "कामाला नाही उपयोगी," म्हणाले, "सिमेंट लागलं की कडक होईल." मग विचारलं, तुमच्यात मजुरी किती? मी म्हटलं, आम्हीच पैसे भरतो. ते बराच वेळ हसत होते.

भिंत त्यांनी प्लॅस्टरने दाखवली नाही. बाहेर आलेली वरची वीट तासली, दोन दिवस जास्त लागले, त्याची मजुरी वेगळी घेतली.

मिसळभक्त_ठाणे

धागा वाचनखुणांत टाकला. अवांतर: काकांचा नंबर व्यक्तिगत निरोपाने पाठवा. आमच्याही संडासाची भिंत मला गेले वर्षभर संशयास्पद वाटतेय.